दोनदा म्हणजे नाही

महिपती कर्णेवाला सकाळी दहाला निमगाव केतकीत पोचला. सभागृहात बायांची सभा होती. नवऱ्याचा मार खाऊन जगलेल्या बाया आपल्या तोंडानं सगळं सांगणार होत्या. महिपतीला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यानं बाहेर कर्णे बांधले, वायर ओढली, माईकवर दोन टिचक्या मारल्या आणि मशीनशेजारी बसला.

“महिपतराव, आज बोलायचं आमी. तुमी नुसतं बटन फिरवायचं,” सभा भरवणाऱ्या द्वारकाबाई म्हणाल्या.

“चाळीस वर्सं तेच करतोय.”

पहिली उठली सारजा. मानेवर भाजल्याचा डाग, पण आवाज खणखणीत.

“मालक मारायला लागला की शेजारी टीव्ही मोठा करायचे. ऐकू येत नव्हतं असं न्हाय. ऐकू येत हुतं, म्हणूनच मोठा करायचे.”

महिपतीचा हात बटनावर थांबला.

त्याच्या घरी मोठं व्हायचं ते मशीन. पोरानं, इंद्रजितनं, सुनेवर हात उचलला की महिपती ओसरीवर कर्णा लावायचा. गल्लीत घरची अब्रू जायला नको. गेल्या वर्षी सून, सुकन्या, विहिरीत सापडली. ‘मशीन चालू होतं, मला काही ऐकू आलं नाही,’ असा जबाब महिपतीनं दिला. इंद्रजित जामिनावर घरी आला. उद्या बारामतीच्या कोर्टात तेच पुन्हा सांगायचं होतं.

तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले. मशीनवरचा लाल दिवा विझला. सारजा माईक बाजूला ठेवून तशीच बोलत राहिली.

आणि बंद कर्ण्यातून बांगड्या वाजल्या.

हलक्या, काचेच्या. त्यानं त्या ओळखल्या. सुकन्या सासऱ्यापुढं कधी बोलायची नाही. घरची रीतच तशी. काही विचारलं, तर दाराआडून हात हलवायची. बांगड्या एकदा वाजल्या तर होय, दोनदा वाजल्या तर नाही. आठ वर्षं दोघांचं बोलणं एवढंच.

सभागृहात कुणीच मान वळवली नव्हती. विहिरीतल्या शेवाळाचा वास मात्र त्याच्या नाकाशी आला.

“उद्या... तेच सांगू का?” तो पुटपुटला.

बांगड्या दोनदा वाजल्या.

“मग... खरं सांगू?”

एकदा.

महिपती उठला. सारजाचं बोलणं संपेपर्यंत भिंतीशी उभा राहिला. मग पुढं जाऊन त्यानं माईक हातात घेतला.

“आवं, वीज न्हाय. माईक कशाला?” द्वारकाबाई म्हणाल्या.

त्यानं माईक सोडला नाही.

“माझा पोरगा सुनंला मारायचा. मला ऐकू यायचं. विहिरीत गेली त्या दिवशी तिनं मला हाक मारली. ‘आबा’ म्हणून. आठ वर्सांत पहिल्यांदा बोलली माझ्याशी. मी आवाज वाढवला. उद्या कोर्टात हेच सांगणार हाय.”

कुणी टाळी वाजवली नाही.

“लई उशीर केलात,” सारजा म्हणाली.

“व्हय.”

बाहेर येऊन त्यानं वायर गुंडाळायला घेतली, तोच फोन वाजला. इंद्रजितचा. तो लोणी देवकरला घरीच होता.

“आबा... घरातला कर्णा बंद कसा करायचा?”

घरातला कर्णा नादुरुस्त होता. महिन्यापासून भिंतीला टेकून पडलेला. त्याला वायरही नव्हती.

“तुमी बोललेलं समदं ऐकलं मी हितं... आन् आता नुसत्या बांगड्या वाजत्यात.”

“किती डाव?”

“थांबंनात, आबा...”

“मोज.”

“एक... दोन... तीन...”

महिपतीनं चालू फोन खिशात घातला. वायर गुंडाळली. कर्णे उतरवले, टेम्पोत रचले, दोरी आवळली. वीज अजून आली नव्हती. त्यानं टेम्पो घराकडं वळवला नाही, बारामतीच्या रस्त्याला घातला.

गाव मागं पडलं तरी खिशातलं मोजणं चालूच होतं. एकशे एकेचाळीस... एकशे बेचाळीस...

आवाज मात्र आता बाईचा होता.