सपाट ताडपत्री

"अहो, मांडव घालताय की फरशी बसवताय?"

मी विचारलं, कारण तळ्याकाठी आमच्या सहलीच्या शेजारच्या जागेवरचा उंच मुलगा चक्क ताडपत्रीखाली सपाटी मोजायची पाणसळ धरून उभा होता. दहा माणसं आरामात बसतील एवढा ऐसपैस मांडव... आणि छप्पर टेबलासारखं सपाट!

"फरशीच बसवतो मी, धंदाच आहे आमचा," तो ऐटीत म्हणाला. "बघा, एका सुताचा फरक नाही."

"तेच तर चुकलंय."

माझे बाबा ताडपत्र्या शिवतात. हीसुद्धा आमच्याच दुकानातली, कोपऱ्यावर बाबांचा शिक्का होता. असलं छप्पर दिसलं की माझे हात शिवशिवायला लागतात. त्यात तळ्यापलीकडे आभाळ भरून आलेलं, त्याचं सगळं घर जेवायला यायचं होतं आणि आमची बस चारला सुटणार होती. पण खरं सांगू? मला घाई पावसाची नव्हतीच. तो मला बघताक्षणी आवडला होता, आणि हातात जेमतेम तीन तास होते.

"बाथरूमला उतार देता ना?"

"देतोच की, नाहीतर पाणी—" त्याने वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा!"

मागची कड आम्ही माझ्या पिशवीतल्या दोऱ्यांनी हातभर खाली बांधली. मग मी त्याला सरकती गाठ शिकवली. त्याला जमेना. पुन्हा दाखवली, पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा मी त्याची बोटंच धरली... सिमेंटने खरखरीत झालेली, उबदार. गाठ कशी मारतात हे क्षणभर मीच विसरले.

त्याची माणसं डबे घेऊन आत शिरली आणि पाऊस कोसळला. पाणी मागच्या कडेने सरळ खाली उतरलं. आत थेंब नाही!

"हे याने बांधलं?" त्याची आई म्हणाली. "घरी कपड्यांची दोरी बांधता येत नाही याला!"

तेवढ्यात माझी नजर पलीकडच्या कोपऱ्यावर गेली. तिथे मी हातही लावला नव्हता. गाठ मात्र अगदी चोख होती.

"ही कुणी मारली?"

"मी..."

"मग तिसऱ्यांदा कशाला विचारलंस?" अहो-जाहो कुठल्या कुठे पळालं होतं.

"दुसऱ्यांदाच आली होती." त्याचे कान लाल झाले. "पण वाटलं, हात धरशील."

पावसामुळे चारच्या आधीच आमच्या बसचा हॉर्न वाजला.

"या दोऱ्या तुझ्या... कधी आणून देऊ?"

"रविवारी, दुकानात. पण नुसत्या दोऱ्या द्यायला येणार असशील, तर येऊ नकोस."

"मग?"

"मला आवडतोस तू. त्यासाठी येणार असशील तर ये."

 त्याच्या आईने हातातला डबा खाली ठेवला.

"रविवार फार लांब आहे," तो म्हणाला. "उद्या चालेल? पण... पत्ता?"

"डोक्यावर बघ, शिक्क्यात आहे. दुकान नऊला उघडतं," मी म्हटलं आणि भिजत बसकडे पळाले.