जास्तीची अकरा खोकी

बेल्टखाली पालथी पडून तिने एक हात बाहेर काढला आणि ओरडली, "बारीक स्क्रू ड्रायव्हर!"

कोणाला ओरडली, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. सोबत कोणी नव्हतंच. आजवर ती सिनियरच्या हाताखाली दोन-चार कामांना गेली होती आणि तिथे असं ओरडायचे ते सिनियर. चार वर्षं ऑफिसात दरपत्रकं टाईप केल्यावर साहेबांनी तिला पहिल्यांदाच एकटीला पाठवलं होतं. मग ओरडायचा मान तरी का सोडा!

तळहातावर स्क्रू ड्रायव्हर आला. मूठ तिच्याकडे, टोक देणाऱ्याकडे.

"हा नको. याहून बारीक."

बराच वेळ काहीच नाही... मग दुसरा आला. अगदी हवा तोच.

"एवढा वेळ?"

"डब्यात पाच होते," वरून संथ आवाज आला. "सगळ्यात बारीक देऊन चाललं नसतं. तुम्हाला लागेल तेवढाच बारीक शोधत होतो."

ती सरपटत बाहेर आली. आधी दिसले स्वच्छ पुसलेले बूट, मग नारिंगी जाकीट, त्यावर चकाकत्या रुपेरी पट्ट्या, आणि सगळ्यात वर एक असा चेहरा, ज्याला जगात कसलीच घाई नव्हती. हा पॅकिंग लाइनचा इनचार्ज. पॅकिंगच्या बायका त्याला पाठीमागे 'हळूराव' म्हणत, आणि त्याला ते ठाऊक होतं.

"तुमच्या केसांना खळ लागलीय," हळूराव म्हणाला.

"राहू दे. तुमच्या कारखान्याची आठवण."

तो हसला. हसायलाही त्याला वेळ लागला. आणि तिच्या मनात उगाचच आलं, की हा हसून होईपर्यंत आपण इथेच थांबावं.

कारखाना बुटांचा. तयार जोड खोक्यांत भरले जात आणि खोकी बेल्टवरून गोदामाकडे निघत. आजवर ती हाताने मोजली जायची, आता सेन्सर मोजणार होता. सेन्सर म्हणजे काडेपेटीएवढी डबी. तिच्यातून लाल उजेडाचा ठिपका बेल्टवर आडवा जातो. खोकं समोर आलं की उजेड त्याच्यावर आपटून मागे फिरतो आणि मोजणीच्या पेटीवर आकडा एकाने वाढतो. डबीच्या बाजूला इवलासा स्क्रू असतो. तो फिरवाल तसा सेन्सर कमी-जास्त हळवा होतो. पांढरी खोकी सेन्सरला सहज दिसतात. पण इथे काळीही होती, उजेड पिऊन टाकणारी, आणि त्यांच्यासाठी हळवेपणा बराच वाढवावा लागला.

मंगळवारी संध्याकाळी सगळं बसलं. कसोटी सरळ होती: एक पूर्ण दिवसपाळी सेन्सरचा आकडा आणि हातमोजणीचा आकडा जुळला पाहिजे. एकाचाही फरक नको.

बुधवारी सात खोकी जास्त भरली.

"जास्त?" ती किंचाळलीच. "कमी भरली असती तर समजलं असतं. नसलेली खोकी कुठून मोजली याने?"

हातमोजणी करणारी मावशी चष्म्याच्या वरून बघत म्हणाली, "माझा आकडा बरोबर आहे हं पोरी. एकोणीस वर्षं मोजतेय."

"मावशी, तुमच्यावर कोण संशय घेतंय? माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही."

तिने खिडकी झाकली. वरची ट्यूब बंद करवली. बेल्टच्या कडेचा चमकणारा पत्रा काळ्या कापडाने गुंडाळला. समोर, बेल्टपलीकडे, नुसती येण्याजाण्याची मोकळी वाट आणि भिंत. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं. हळवेपणा थोडा कमी केला, तर काळी खोकी दिसेनाशी झाली. परत वाढवला. ती एका जागी म्हणून ठरेना. पेटीपासून सेन्सरपर्यंत दहा पावलं, सेन्सरपासून पेटीपर्यंत दहा पावलं... दिवसभर नुसत्या येरझाऱ्या.

गुरुवारी अकरा जास्त.

आणि खरी चीड आणणारी गोष्ट वेगळीच. ती नसताना, रात्रपाळीत, आकडा दोन्ही दिवस तंतोतंत जुळला होता!

"मॅडम आल्या की सेन्सर बावरतो," एक पॅकिंगवाली म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. तीही हसली, कारण न हसून सांगते कोणाला? पण आतून तिचा पार भुगा झाला होता. दुपारी साहेबांचा फोन येऊन गेला होता. "उद्या शुक्रवार. उद्या जुळलं तर पुढचं कामही तुझं, सोमवारी तिकडे हजर व्हायचं. नाही जुळलं तर सिनियरला पाठवतो आणि तू परत टेबलावर."

टेबल म्हणताच तिला ती खुर्ची आठवली, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली.

मग ताईचा फोन. "कशी आहेस? बॅगेतले कपडे कपाटात लावलेस की अजून बॅगेतच?"

"ताई, मी कामात आहे."

"तू नेहमीच कामात असतेस. पायाला भिंगरी आणि आता हाताला पण! बरं, तिथे बोलायला कोणी आहे का?"

"आहे एक. पण तो एक वाक्य संपवेपर्यंत माझी तीन होतात."

"अरे वा," ताई म्हणाली. हिने घाईघाईने फोन ठेवला. कान गरम झाले होते. नसती थेरं... पण खरं सांगायचं तर, दिवसातून कितीदा तरी तिची नजर ते नारिंगी जाकीट शोधत असे. ते दिसलं की आणखी अस्वस्थ व्हायचं आणि दिसलं नाही तर त्याहून जास्त. शुक्रवारी काम फत्ते झालं तर निघायचं, फसलं तरी निघायचं. दोन्हीकडून निघायचंच होतं, आणि हे तिला मुळीच आवडत नव्हतं.

संध्याकाळी तो स्वतःच पेटीजवळ आला.

"मॅनेजर माझ्यावरही चिडलेत," तो म्हणाला. "गोदामाची गाडी दोन दिवस खोळंबलीय. म्हणाले, लाइन तुझी, मग फरक कसा येतो?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बाई हुशार आहेत. सापडेल."

"आणि नाही सापडलं तर?"

तो विचार करू लागला. ती वाट पाहत राहिली. पेन टकटक, टकटक...

"नाही सापडलं तर," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही आणखी राहाल, असं मला वाटलं होतं."

"नाही. दुसरं कोणीतरी येईल."

"असं आहे का," तो म्हणाला आणि काळ्या खोक्यांकडे बघत उभा राहिला. तिला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तो एक वाकडं खोकं सरळ करत राहिला. तिला त्याचा इतका राग आला की ती निरोपही न घेता निघून गेली.

शुक्रवारी सकाळी तिने एक गोष्ट बदलली. दोन दिवस ती पेटीजवळ उभी राहून आकडा बघत होती. आज तिने पेटीजवळ मावशीला उभं केलं आणि स्वतः सेन्सरला खेटून, बेल्टआडच्या एका उलट्या क्रेटवर बसली.

"मावशी, आकडा हलला की ओरडा."

साडेआठला लॉट बदलला. एका मापाचे जोड संपले की दुसरे येईपर्यंत बेल्ट पाच-सात मिनिटं रिकामाच फिरतो. ती डोळे फाडून बघत होती. रिकामा बेल्ट, रिकामी वाट, भिंत.

मग वाटेवर हळूराव आला.

तो भिंतीवरचा मापांचा तक्ता वाचायला थांबला. निदान तोंड तक्त्याकडे होतं, डोळे मात्र सरळ पेटीकडे, जिथे ती रोज उभी असे. तिथे आज मावशी दिसली. तो गोंधळून बेल्टकडे वळला. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला, डावीकडे वाकला, उजवीकडे वाकला, मान उंचावली...

"एक वाढला!" मावशी ओरडली. "दोन! अगं, तीन!"

आणि तिला तो ठिपका दिसला. सेन्सरचा लाल ठिपका बेल्ट ओलांडून थेट त्याच्या जाकिटावर पडला होता. छातीवर पडला असता तर प्रेमकथेला शोभला असता, पण पडला होता पोटावर, तिथल्या रुपेरी पट्टीवर. काळ्या खोक्यासाठी हळवा केलेल्या सेन्सरला ती पट्टी चार हातांवरूनही लख्ख दिसत होती. तो जितक्यांदा हलला, तितकी खोकी मोजली गेली.

म्हणजे बुधवारची सात... आणि गुरुवारची अकरा...

कारखान्यात असं जाकीट घालणारा तो एकटाच. गोदामातल्या गाड्यांमध्ये जावं लागतं म्हणून. आणि रात्रपाळीत तो नसे. दर लॉटबदलाला तो इथे येऊन उभा राहत होता, कारण इथूनच ती दिसायची. तिने त्याच्यापायी खिडकी झाकली, ट्यूब विझवली, पत्र्याला कापड गुंडाळलं! तिला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि आनंद तर असा झाला होता की क्रेटवर बसवेना.

ती ताडकन उठली. तो दचकून दोन पावलं मागे गेला.

"तुम्ही इथे?"

"मी इथे. आणि तुम्ही कोणाला शोधताय?"

"मी... मापं बघत होतो."

"भिंतीकडे पाठ करून?"

त्याने खाली पाहिलं. पोटावर लाल ठिपका. मग सेन्सरकडे. त्याच्या संथ चेहऱ्यावर सगळं एकेक करून उमटत गेलं आणि शेवटी कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"बापरे," तो म्हणाला. "म्हणजे तो फरक... मी?"

"अठरा वेळा तुम्ही."

"मी आता इकडे फिरकणार नाही. पिवळी रेघ मारून घेतो. इथे उभं राहू नये, अशी पाटीही—"

"कोणी सांगितलं पाटी लावायला?" ती एवढ्या जोरात बोलली की दोन पॅकिंगवाल्यांनी माना वळवल्या. ती खालच्या आवाजात म्हणाली, "स्क्रू ड्रायव्हर द्या. लागेल तेवढाच बारीक."

पाटी लावली असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं. तिने अर्धा तास घालवला. सेन्सरची पकड सैल करून तो वीतभर वर चढवला आणि खाली तिरका वळवला. आता ठिपका खोक्याच्या माथ्यावर पडे, आणि खोकं नसलं की बेल्टपलीकडच्या फरशीवर, कोणाच्याही बुटांच्या अलीकडे. काळं खोकं लावून पाहिलं, पांढरं लावून पाहिलं. मग पेटीवर चुकून वाढलेले आकडे वजा केले आणि ती त्याच्याकडे वळली.

"आता समोर जाऊन उभे राहा."

"मी?"

"चाचणी आहे. जिथे चूक होते, तिथेच तपासावं लागतं. दर लॉटबदलाला उभं राहायचं. आणि हलायचं."

"कसं?"

"मघाशी हलत होतात तसं!"

पाळीभर तिने त्याला उभं केलं. दिवसात आणखी चार लॉट बदलले आणि चारही वेळा हळूराव सगळ्यांदेखत बेल्टपलीकडे उभा राहून डावी-उजवीकडे वाकला. पॅकिंगच्या बायकांची हसून पुरेवाट झाली. तो मात्र प्रामाणिकपणे वाकत राहिला आणि आता तक्त्याकडे बघायचं सोंगही त्याने सोडलं. सरळ तिच्याकडेच बघत होता. तिने एकदा बघितलं, दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा नजर खाली वळवायचं विसरली. चौथ्या वेळी पेटीवरचा आकडा बघायची आठवण तिला मावशीने करून दिली.

चार वाजता मावशीने आपला आकडा वाचला. पेटीवरचा तोच होता. एकाचाही फरक नाही.

तिचा जीव भांड्यात पडला. टेबल सुटलं! पण मग बॅगेतून अहवालाचा कागद निघाला आणि तिचा हात अडला. 'फरकाचे कारण' या रकान्यात काहीतरी लिहायला हवं होतं. खरं लिहावं तर मॅनेजर त्याला सोलून काढणार, दोन दिवस गाडी खोळंबली ती याच्या बघण्यापायी. सेन्सर चुकीचा बसला होता असं लिहावं तर चूक तिची, आणि सोमवारी पुन्हा भिंतीकडे तोंड. तिने दोनदा पेन टेकवलं, दोनदा उचललं. पाचची बस होती.

"द्या इकडे," तो म्हणाला.

तो बसला आणि लिहू लागला. मोठ्या, गोल, सावकाश अक्षरात. तिने खांद्यावरून वाचलं:

'सेन्सर बसवणाऱ्या बाईंची चूक नाही. लाइन इनचार्ज, म्हणजे मी, दर लॉटबदलाला बेल्टसमोर उभा राहून त्यांच्याकडे बघत होतो. जाकिटाची पट्टी मोजली गेली. यात यंत्राचा दोष नाही.'

"अहो! हे काय लिहिलंत? हा कागद माझ्या साहेबांकडे जाणार, तुमच्या मॅनेजरकडे जाणार!"

"जाऊ दे."

"ते तुम्हाला काय म्हणतील?"

"म्हणतील ते ऐकीन. पण तुम्हाला टेबलावर बसवायला मी कारण झालो, तर ते नाही चालायचं." तो थांबला. एरवी तो थांबला की तिला राहवत नसे, या वेळी तिने वाट पाहिली. "आणि तुमच्याशी तोंडाने बोलायला मला तीन दिवस पुरले नाहीत. म्हटलं, कागदावर तरी लिहावं."

त्याने खाली सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. शेवटचा रकाना कोरा होता, 'असे पुन्हा घडण्याची शक्यता'.

"हा माझ्या हातात नाही," तो म्हणाला. "तो तुम्ही भरा."

तिने पेन घेतलं. भराभरा, तिच्या नेहमीच्या वाकड्या अक्षरात लिहिलं:

'शक्यता आहे. महिन्याने तपासणीसाठी येईन, तेव्हाही आणि त्यानंतरही. मोजणी आता चुकणार नाही. बसवणाऱ्या बाईंना चालेल.'

त्याने ते वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग तो हसू लागला आणि तिने अजिबात घाई केली नाही, हसू पूर्ण होऊ दिलं.

"चहा घेणार?" त्याने विचारलं.

"माझी पाचची बस आहे."

त्याचा चेहरा उतरला. तिने त्याच्या हातातून कागद काढून घेतला, नीट घडी घातली आणि बॅग परत खाली ठेवली.

"सातचीही असते," ती म्हणाली.