डांगरवाडीतली बाई

यंत्रानं हट्ट धरला की मंजुषाला चेवच यायचा. वर्ध्याहून भर उन्हात ती आर्वीजवळच्या बंधाऱ्यावर आली होती तीही एका हट्टी यंत्रापायीच. रेडिओवरून लॅपटॉपवर निरोप येत होता, पण अक्षरांचा नुसता चिवडा होऊन.

निरोप तसा साधाच असायचा. खाली नदीच्या कोरड्या वाळूत लोकांनी डांगर-काकडीच्या वाड्या लावल्या होत्या. आर्वीच्या नळांसाठी पाणी सोडायच्या आधी काठावरचा राखणदार कवडू सगळ्यांना वर काढायचा आणि आपल्या यंत्रावर ‘वाळू रिकामी’ असं टाइप करायचा. ते इथं उमटलं, की बंधाऱ्यावरचे चौकीदार किसनराव गेट उचलायचे. त्यांची स्वतःची वाडी आणि झोपडीही तिथंच होती आणि बायको रुख्माबाई आज तिकडेच गेली होती.

"सकाळपासून असाच कचरा येऊन राह्यला," किसनराव म्हणाले. "अन् तिकून पाणी सोडा म्हणून साहेबाचे फोनावर फोन."

मंजुषानं पाहिलं. रेडिओचा कंट्रोलर एका वेगानं बोलत होता, लॅपटॉप भलत्याच वेगानं वाचत होता. एवढंच होय! तिनं दोघांचा वेग जुळवला आणि पडद्यावर स्वच्छ ओळ आली.

‘वाळूत एक बाई आहे.’

किसनरावांनी लगेच कवडूला फोन लावला. त्या काठावर रेंज धड नसायची, आज नशिबानं लागली.

"सारे वर आले ना भाऊ. वहिनी बी बायांसंगं घरी गेल्या असतीन," कवडू म्हणाला. "अन् मी काई टाइप नाई केलं. माहं यंत्र सकाळपासून बंद पडून हाय."

मग सकाळपासून पाठवत कोण होतं? मंजुषाला भीती वाटली नाही, खरं सांगायचं तर मजाच वाटली. जुना निरोप कंट्रोलरच्या पोटात अडकला असेल. तिनं कंट्रोलर बंद केला, त्यातली केबल उपसली आणि केबलच्या मोकळ्या तोंडाशी निरोप नेणारी आणि आणणारी पिन तारेच्या तुकड्यानं एकमेकींना जोडली. आता इथून जे टाइप करू तेच फिरून यायला हवं, दुसरं काही येणं शक्यच नाही. तिनं टाइप केलं, ‘कोण’.

‘कोण’ परत आलं. त्याखाली आणखी एक ओळ आली.

‘झोपडीत पडली आहे. श्वास चालू आहे.’

तिनं तारेचा तुकडा चाचपून पाहिला, तो जागेवरच होता. किसनरावांनी चष्मा पुसून ओळ पुन्हा वाचली.

"कवडू, माह्या झोपडीत पाहून ये," ते फोनवर म्हणाले. "धावत जाय."

रुख्माबाई तिथंच होती, उन्हानं चक्कर येऊन पडलेली. कवडूनं वाडीवाल्या दोघांच्या मदतीनं तिला काठावर आणलं, तोंडावर पाणी मारलं.

"शुद्धीवर आली वहिनी. आता पुरी वाळू पाह्यली, कोणीच नाई," त्यानं सांगितलं.

किसनराव डोळे पुसत उठले आणि त्यांनी गेट उचललं. पाणी गर्जत खाली निघालं.

मग रुख्माबाईच फोनवर आली. "अवो, त्या बाईले बी वर आणलं ना?"

"कोणत्या बाईले?"

"माह्या उशाशी बसली होती ना. पदरानं वारा घालून राह्यली होती मले."

किसनराव मंजुषाकडे बघत राहिले. केबल तर तिनं केव्हाच लॅपटॉपमधूनही काढून गुंडाळून ठेवली होती.

पडद्यावर एक ओळ उमटली.

‘पाणी घोट्याला लागलं.’