सातवं शील

डॉक्टरांनी सांगितलं, साखर उतरवायची तर रमतगमत फिरून भागणार नाही, घाम फुटेस्तोवर चाला. लेकीनं, गौरीनं, पुण्याहून सांगितलं, कानात गाणी असली की पाय आपोआप उचलतात. जाईबाईनं दोन्ही गोष्टी मानल्या. अडचण एकच होती. सकाळची बुद्धवंदना झाली की तासभर दुसरे शब्द कानात जाऊ द्यायचे नाहीत, हा तिचा फार जुना नेम. गाथा मनात मुरायला वेळ लागतो, असं तिचं म्हणणं. अंगणवाडीत नोकरीला होती तेव्हाही त्या तासात ती बोलायची नाही. बायका आधी हसल्या, मग सवयीनं गप्प बसल्या.

"मग बिनशब्दांचं लावू," गौरी सुट्टीला परंड्याला आली तेव्हा म्हणाली. "सिनेमात पाठीमागं वाजतं ना, ते. शंभर-शंभर माणसं एकदम वाजवतात, पण बोलत कुणी नाही."

साडीच्या दुकानात बसावं तशा मायलेकी निवडायला बसल्या. पहिल्यात ढोलांचा दणका.

"नको बाई. कुणीतरी पाठीमागं लागल्यावानी वाटतंय."

"बरंय की! भरभर चालशील."

दुसरं ऐकून जाईबाई म्हणाली, "हे मयताचं हाय." तिसऱ्यात घोडी उधळली होती. "मला न्हाय घोड्यांसंगं पळायचं."

चौथं कुठल्याशा परदेशी सिनेमाचं होतं. खालच्या सुरातली व्हायोलिनं हळूच सुरू झाली, त्यांना पावलांसारखा ठेका मिळाला, तो वाढत गेला, आणि मधेच सगळं एकदम थांबलं. त्या मोकळ्या जागेत एकटं क्लॅरिनेट वाजलं. गौरीनं आईकडं बघितलं नाही. जाईबाईनं पदरानं चष्मा पुसला.

"हे राहू दे," ती म्हणाली.

गौरीचे वडील आबाराव पंचायत समितीत शिपाई होते आणि लगीनसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तर माणसं ट्रॅक्टरपुढं न नाचता त्यांच्याभोवती उभी राहून ऐकायची. करोनाच्या दुसऱ्या लाटेत सोलापूरला नेलं, तिथं त्यांना श्वास पुरला नाही. घरी परत आलं ते फक्त वाद्य. आणि त्यांचं वाजवणं कुठं भरूनच ठेवलेलं नव्हतं. लग्नांच्या कॅसेटी शोधल्या, लोकांचे मोबाइल धुंडाळले. सगळीकडं ताशाच्या कडकडाटाखाली ते बुडालेलं. जाईबाईला दुसरं काही नको होतं. एकदा त्यांना वाजवताना ऐकायचं होतं, बस्स.

किल्ल्याच्या खंदकाकडेनं ती चालायची. एका बाजूला काळे बुरूज, खंदकात वाढलेलं गवत, त्यात कुणाच्या तरी शेळ्या. शेजारची लक्ष्मीबाईही यायची, पण नेम ठाऊक असल्यानं चार पावलं पुढंच राहायची. तास संपला की कट्ट्यावर बसून साठलेलं सगळं बोलून घ्यायची.

आठवडाभरात जाईबाईला ते संगीत पाठ झालं. पाठ झाल्यावर त्यातलं बारीकसारीक ऐकू येऊ लागलं. क्लॅरिनेट सुरू होण्याआधी वाजवणारा श्वास घेत होता. 'ह्प्' असा, दातांच्या फटीतून हवा आत ओढल्यासारखा.

आबारावांच्या खालच्या दातांत फट होती.

जाईबाई भोळी नव्हती. दात काय, जगात कितीकांचे फटीचे असतात. तिनं गौरीला विचारलं, हे वाजवलंय कुणी? गौरीनं शोधून सांगितलं. गेल्या साली तिकडंच, परदेशात वाजवलंय, सगळी तिकडचीच माणसं. "का गं आई?"

"उगंच."

मग तिनं घोड्यांचं लावून बघितलं. त्यात क्लॅरिनेट नव्हतंच, पण श्वास होता. मयताच्यातही होता. ढोलांच्या दोन दणक्यांमधे तो अगदी स्वच्छ होता.

बुरुजाजवळच्या चढाला ती जोरात चालली की श्वास धापा टाकायचा. दोघं बाजाराला निघायची तेव्हा आबाराव कायम मागं राहायचे, "अगं जाई, दमानं की," म्हणत. आता ती थबकली की संगीत पुढं जायचं, आणि श्वास मात्र पाच-सहा पावलं चालून आल्यासारखा जवळ येऊन थांबायचा.

तिला भीती वाटली नाही. खरं तर ती सकाळची वाट बघू लागली. क्लॅरिनेटची जागा आली की डोळे मिटून उभी राहायची, आणि रोज सूर थोडा थोडा बदलत होता. परदेशी वळणाच्या तुकड्यात आता मिरवणुकीतली मुरकी येऊ लागली होती.

"जाई, तू हल्ली चालती कमी आन उभी जास्त राहती," लक्ष्मीबाई कट्ट्यावर म्हणाली. "साखर काय उभ्या उभ्या उतरती व्हय?"

"उतरंल की."

"आन हसती कुणाकडं बघून?"

जाईबाई उठली आणि घराकडं चालू लागली.

मग पौर्णिमा आली. पौर्णिमेला ती अष्टशील पाळायची. पांढरी साडी, दुपारनंतर जेवण नाही, खाली चटईवर झोप, आणि सातव्या शीलाप्रमाणं नाच, गाणं, वाजवणं यांपासून दिवसभर लांब. आबाराव असताना दोघं मिळून शील घेत. ती एकेक तुकडा म्हणायची, ते मागून म्हणायचे. सातव्यातल्या 'विसूकदस्सना' या पाली शब्दावर ते हमखास अडखळायचे, 'विस्कूटदस्सना' म्हणायचे आणि स्वतःच हसायचे, "ह्यात बिस्कूट कुठनं आलं गं?" लग्नाची सुपारी असली की मात्र शील घेत नसत. "पोटावर पाय देऊ का?" म्हणत. पण एकदा घेतलं की दिवसभर क्लॅरिनेटला तोंड लावत नसत. शब्दाला पक्के.

त्या सकाळी तिनं मोबाइल घरीच ठेवला. एका दिवसाचं तर आहे, असं मनाला समजावलं, तरी पाय जड झाले होते. लक्ष्मीबाई नातवाच्या तापामुळं आली नव्हती. ऊन नुकतंच बुरुजावर चढलेलं. शेळ्या गवतात मान घालून चरत होत्या.

चढाच्या पायथ्याशी आली आणि मागं कुणीतरी श्वास घेतला. 'ह्प्'.

तिनं कान चाचपले. कानात काही नव्हतं.

मग क्लॅरिनेट वाजलं.

मागं व्हायोलिन नाही, ढोल नाही, ताशा नाही. एकटं. मिरवणूक चौकात थांबल्यावर आबाराव उचलायचे तीच ओळ, तितकीच सावकाश. शेळ्यांनी माना वर केल्या.

इतकी वर्षं जे मागितलं ते दहा पावलांवर उभं होतं. आणि आज पौर्णिमा होती.

तिनं कानांवर हात ठेवले. सूर तसाच येत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अंगावर शील असताना वाजवणं ऐकायचं नाही, आणि पायांना तर वळून धावायचं होतं. मन ढळलं की शील पुन्हा म्हणावं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिनं हात जोडले आणि सातवं शील मोठ्यानं म्हटलं. सवयीनं, तुकड्या-तुकड्यानं, मधे थांबून.

पहिल्या तुकड्यानंतर क्लॅरिनेट थांबलं.

मागून तो तुकडा कुणीतरी म्हटला.

दुसरा तिनं म्हटलाच नसता. पण ओठ थांबले नाहीत. मागचा आवाजही थांबला नाही. 'विस्कूटदस्सना', तो म्हणाला. हसला नाही. शेवटचा तुकडा त्यानं अगदी नीट म्हटला.

ती वळली. रस्ता रिकामा होता.

शील एका दिवस-रात्रीचं असतं. दुसरा दिवस उगवला की उतरतं. घरी येऊन चटईवर बसल्यावर जाईबाईच्या एक ध्यानात आलं. ज्याचा दिवस उगवतो त्याचं उतरतं. गेलेल्याचा कुठला उगवायचा?

दुसऱ्या सकाळी तिनं मोबाइल लावला. व्हायोलिनं आली, ठेका आला, वाढला, थांबला. पुढं काही नाही. श्वाससुद्धा नाही.

ती चढावर उभी राहिली आणि वंदनेनंतरच्या त्या तासात पहिल्यांदाच बोलली. "अवो, दिवस उगवला. सुटलं तुमचं. वाजवा की आता."

लक्ष्मीबाई चार पावलांवर थांबली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

संध्याकाळी गौरीचा फोन आला. "आई, ते आपलं संगीत ऐकलंस का आज? मधलं क्लॅरिनेटच गेलंय. मला वाटलं, माझाच मोबाइल बिघडला. थांब, लावते, ऐक."

फोनमधून व्हायोलिनं आली आणि थांबली.

"बघ, एवढी जागा नुसती रिकामी. टिकटिक येतेय कसली तरी. घड्याळ असेल का गं?"

जाईबाईनं फोन कानाशी गच्च धरला. घड्याळ एका लयीत चालतं. हे थांबत होतं, वळत होतं, मुरकीच्या जागी घाईनं उतरत होतं. तोंड न लावता कुणी क्लॅरिनेटवर नुसती बोटं चालवली, तर चाव्यांचा असा आवाज होतो.