ठावपत्र

सूर्यसंघ सोडत असल्याचं पत्र धवला देशाच्या संवादप्रमुख प्रमिला ताम्हाणे यांनी सकाळी सहा वाजता स्वतःच्या हाताने रवाना केलं. सहाशे माणसांचा हा देश एका धूमकेतूच्या बर्फात वसलेला होता. पृथ्वीवरच्या संघाच्या कचेरीत पोहोचायला इथून प्रकाशालाही चौदा तास लागत. मतदानात संघात राहू म्हणणारे फक्त नऊजण निघाले. प्रमिलाबाई त्या नवांत नव्हत्या.

तीस वर्षांपूर्वी याच बाई नवऱ्याबरोबर घरोघर फिरून लोकांना संघात यायला राजी करत होत्या. "संघ म्हणजे मोठं घर, अडीनडीला धावून येणार," असं अच्युतराव सांगत. मग बारा वर्षांपूर्वी धूमकेतू दुभंगला. 'धाकटी' नावाचा तुकडा एक्केचाळीस माणसं घेऊन सुटला. कुणी वाचलं नाही. अच्युतराव त्यांतच होते. बाईंनी त्याच तासाला संघाला कळवलं आणि त्या वाट बघत बसल्या. उत्तराची एक ओळही आली नाही.

धवलाची माणसं मूळची मराठी. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशा त्यांच्या रीती सूर्यापासून एवढ्या लांबही टिकल्या होत्या. ज्या घरात मयत झालं, त्या घराने कुणाला बोलवायचं नसतं. लोकांनी आपणहून भेटायला यायचं. निघताना त्यांनी 'येतो' म्हणायचं नाही आणि घरच्यांनी 'या' म्हणायचं नाही. बारा वर्षं कुणी भेटायला आलं नाही, म्हणून आज हे पत्र गेलं होतं.

अकरा वाजता बाई वेधशाळेत आल्या.

"घोलप, एकदा धाकटी दाखवा. अच्युतना सांगायचंय, संपलं म्हणून."

खगोलज्ञ नागेश घोलप चपापले. स्मशानातून निघताना मागे वळून बघत नाहीत, म्हणून धाकटीकडे दुर्बीण कधी कुणी वळवलीच नव्हती. पण बाईंचा चेहरा बघून त्यांनी मुकाट्याने ती फिरवली. पडद्यावर एक करडा ठिपका आला.

"बाई, ही लुकलुकतेय."

बाईंनी टेबल घट्ट धरलं. "तिथे कुणी..."

"नाही हो, बाई. हा लेसर आहे. पृथ्वीकडून येऊन धाकटीच्या बर्फावर पडतोय." घोलपांनी लुकलुकण्याचे सांकेतिक ठोके कागदावर उतरवले आणि थांबत थांबत वाचले. "'एक्केचाळीस जणांचं कळलं. तुम्ही कुठे आहात?' हेच, पुन्हा पुन्हा."

"मग आपल्याला का ऐकू येत नाही?"

"पृथ्वी कुठे आहे ते आपल्याला कायम ठाऊक असतं. पण आपण कुठे आहोत ते त्यांना आपण सांगितलं तरच कळतं. चौदा तासांनी आपण जिथे असू, तिथे नेम धरून ते प्रकाशशलाका सोडतात. इथवर येईतो ती जेमतेम पंधरा हजार किलोमीटर रुंद होते. आपल्याला तर भेगेतल्या वाफेने ढकललं, चार लाख किलोमीटर. जुन्या मार्गावर आता धाकटीच आहे." ते घुटमळले. "दरवर्षीचं ठावपत्र जात नव्हतं का?"

धवलाचा ठावठिकाणा संघाला कळवणारं हे पत्र पाठवणं बाईंचंच काम होतं.

"मी म्हटलं, आधी त्यांनी दोन शब्द बोलावेत," त्या पुटपुटल्या. "मग मी सांगेन, कुठे आहोत ते." आणि इतकी वर्षं न रडलेली ती बाई खुर्चीत बसून ओक्साबोक्शी रडली. घोलपांना काय करावं कळेना. त्यांनी पाणी आणून दिलं.

"सकाळचं पत्र परत घेता येईल?" शेवटी बाईंनी विचारलं.

"पाच तास झाले. प्रकाशाला मागून कोण गाठणार? आता काहीही पाठवलं तरी ते पाच तास मागेच राहील. आणि घटनेप्रमाणे पत्र मिळताक्षणी सदस्यत्व संपतं."

तरीही बाईंनी तिथेच बसून ठावपत्र लिहिलं. मार्ग, वेग, सगळं. खाली जागा उरली होती. तिथे त्यांनी, मयताच्या घराने लिहू नये तो एक शब्द लिहिला: "या." आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला धवलावर बारा वर्षांत पहिल्यांदा शलाका पडली. काल सकाळचं पत्र पृथ्वीवर ज्या दिशेने आलं, तिकडेच संघाने नेम धरला होता. बाईंनी मोठ्याने वाचलं:

"पत्र मिळालं. सदस्यत्व संपलं. तुम्ही जिवंत आहात हे कळून इथे सगळे रडताहेत. तुम्हाला भेटायला बारा वर्षांपूर्वीच यान निघालं आहे, ते धाकटीपासून दोन महिन्यांवर आहे. चाळीस माणसं आहेत. तुम्ही आता संघात नाही, म्हणून विचारतो. त्यांनी तुमच्याकडे वळावं की परत फिरावं?"

"लगेच उत्तर पाठवा, बाई," घोलप म्हणाले. "पोहोचायला चौदा तास लागतील."

प्रमिलाबाईंनी बोटांवर तास मोजले. काल सकाळचे अकरा, अधिक चौदा.

"नको," त्या म्हणाल्या. "ते नऊ तासांपूर्वीच पोहोचलंय."