एकतीस नंबरचा गडी

शिरोलीच्या एमआयडीसीत सकाळी नवाला दोन वास असतात. एक फाउंड्रीतल्या जळक्या वाळूचा, दुसरा कोपऱ्यावरच्या गाड्यावर तळल्या जाणाऱ्या भज्यांचा. या दोन्हींतून स्कूटी काढत अर्शी शिकलगार नवाला पाच कमी असताना ऑफिसात पोचायची आणि आधी मशिनांच्या हॉलमध्ये जायची. चहा नंतर. या क्रमात तिनं सहा वर्षांत कधी बदल केला नव्हता आणि कुणी सुचवला असता तर त्याचं तिनं ऐकलंही नसतं.

हॉलमध्ये अठ्ठेचाळीस मशिनं होती. चार कपाटं, प्रत्येक कपाटात बारा खण. जिल्ह्यातल्या उसाचे आभाळातून काढलेले फोटो इथं यायचे आणि कुठल्या शिवारातला ऊस तोडीला आलाय ते ही मशिनं मिळून ठरवायची. एकट्याला जे काम महिनाभर पुरलं असतं ते अठ्ठेचाळीस जण दिवसात उरकायचे. वाटणी करणारं मशीन वेगळं. त्याला सगळे मुकादम म्हणायचे आणि बाकीच्यांना गडी, ऊसतोडीच्या टोळीत म्हणतात तसं. ही नावं विश्वजितनं पाडलेली. तो कोडोलीचा, चार एकर उसाचा धनी, आणि अर्शीला हे सगळं काम हाताला धरून शिकवलेलं ते त्यानंच.

मुकादम दर दहा सेकंदांनी प्रत्येक गड्याला विचारायचा, आहेस का? गडी सांगायचा, आहे. तीनदा उत्तर आलं नाही की मुकादम त्याला मेला समजून त्याच्या वाटणीचे फोटो बाकीच्यांत वाटून टाकायचा. दुःख नाही, चौकशी नाही. तिकडं साखर कारखान्याला पत्ताही लागायचा नाही. मशीन म्हटल्यावर ते कधी ना कधी पडणारच. ते पडलेलं कुणाला कळू नये, हीच या धंद्यातली सगळी हुशारी.

कळायला हवं ते फक्त अर्शीला. पडलेला गडी शोधायचा, त्याला लाल पट्टी चिकटवायची, खणातून ओढून दुरुस्तीला घ्यायचा, हे तिचं काम. त्याचा तिला अभिमान होता, थोडा जास्तच. "घरातला एक चमचा कमी झाला तरी हिला झोप लागत न्हाय," असं तिचा नवरा खिजर पाहुण्यांना सांगायचा, आणि ते काही कौतुकानं नव्हे.

त्या सोमवारी एकतीस नंबरचा खण रिकामा होता.

अर्शी थांबली. पडलेला गडी खणातच असतो, दिवा विझलेला, पंखा बंद. हा खणच मोकळा होता. वायरी गुंडाळून नीट बाजूला बांधलेल्या. तिनं तळावरून बोट फिरवलं, तर बोटाला धूळ लागली. पातळ, सगळीकडं सारखी धूळ. म्हणजे मशीन आज गेलेलं नव्हतं, कालही नव्हतं. आणि ती तर रोज या कपाटासमोरून जात होती.

चोरी, हा तिचा पहिला विचार. ती मुकादमाच्या पडद्यासमोर जाऊन बसली. अठ्ठेचाळीस हिरवे ठिपके. एकतीस नंबर, आहे. दहा सेकंदांनी पुन्हा, आहे. एकतीसच्या नावावर वाठारचं शिवार सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पूर्ण झालेलं होतं, आणि तिनं दोनदा तपासलं तरी त्यात एक चूक सापडली नाही. बाकीच्या गड्यांचे पंखे मात्र नेहमीपेक्षा जरा जोरात फिरत होते.

गेटवर आण्णा होते, गडमुडशिंगीचे, मिलिटरीतून आलेले. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही अशी सगळ्यांची समजूत होती आणि आण्णांचीही.

"आण्णा, मशीन कुणी बाहेर नेलं का?"

"न्हाय बघा ताई. मशीन काय, या दारातनं मांजार गेलेलं न्हाय."

साहेबांना, म्हणजे उदयसिंहांना तिनं रिकामा खण दाखवायला नेलं. ते आत वाकून बघत राहिले, मग पडद्याकडं बघत राहिले.

"अगं, मुकादम म्हणतोय हाय. कारखाना म्हणतोय काम मिळालं. मग तूच एकटी कशाला म्हणतीस न्हाय?"

"पण साहेब, खण मोकळा आहे."

"विश्वजितला विचार की. कपाट त्येचं हाय."

हे खरं होतं. तिसरं कपाट विश्वजितच्या देखरेखीखाली. बुधवारपर्यंत त्याच कपाटातले एकोणतीस, तीस आणि बत्तीस हेही खण मोकळे झाले, किंवा मोकळे असलेले तिला दिसले. तिन्हींत तीच धूळ. तिन्ही मुकादमाला सांगत होते, आहे.

संशय एकदा शिरला की तो माणसाला बसू देत नाही. विश्वजितकडं हॉलची किल्ली होती. विश्वजितला वायरी अशाच गुंडाळायची सवय होती. ज्यानं शिकवलं त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे अर्शीला स्वतःचीच लाज वाटत होती, तरी ती त्याच्या टेबलापाशी गेली. तो नव्हता. कपात चहा वाळून तळाला कडक थर झालेला.

"विश्वजितदादा कुठायत?"

"हाय की," साहेब म्हणाले. "आत्ताच हितनं गेला."

तासाभरानं तिनं पुन्हा विचारलं. आत्ताच गेला. आण्णांना विचारलं. आत्ताच भजी आणायला गेलं की. दुपारी कारखान्याला विश्वजितच्या नावानं पत्र गेलं. तिनं बघितलं, ते साहेबांच्या बोटांनी, साहेबांच्या संगणकावरून लिहिलं जात होतं. खाली विश्वजितचं नाव टाकून साहेबांनी ते पाठवलं आणि डोळे चोळले.

"साहेब, हे तुम्ही लिहिलंत?"

"मी? न्हाय बा. विश्वजितनं धाडलं की आत्ता." ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणारा माणूस तिला ओळखता आला असता.

आणि मग तिनं स्वतःला विचारलं, आपण त्याला शेवटचं कधी बघितलं? आठवेना. आत्ताच बघितलंय असं मात्र वाटत होतं.

गुरुवारी दुपारी ती महामार्गानं निघाली आणि वाठारपाशी आत वळून कोडोलीला गेली. मनात तिनं सगळं योजलं होतं. मशिनं परत कर दादा, मी कुणाला सांगणार नाही. दोन्हीकडं ऊस उभा होता, पाणी पाजलेला, काळ्याभोर पानांचा. विश्वजितच्या शेताच्या बांधावर त्याचा चुलतभाऊ उसाला पाणी वळवत होता. "दादा आत्ताच घराकडं गेलाय," त्यानं न विचारता सांगितलं. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

अंगणात विश्वजितची मोटारसायकल होती. दोन्ही चाकं बसलेली. हँडलपासून भिंतीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलेलं.

त्याची बायको स्नेहल म्हशीची धार काढून येत होती. "या की ताई! जरा आधी आला असता तर गाठ पडली असती. आत्ताच जेवून गेलं बघा."

"गाडी तर इथंच आहे, वहिनी."

स्नेहलनं गाडीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "व्हय की. हितंच हाय." आणि चहा टाकायला आत गेली.

चहा देऊन ती भिंतीला टेकून खालीच बसली. "अलीकडं लई दमायला होतंय बघा ताई. सगळ्यास्नीच. सासूबाई म्हणत्यात, नजर लागली. काम तर हाय तेवढंच हाय की." पोराची वही उघडी पडली होती. खाली वडिलांची सही, विश्वजितच्या नावाची, गोल बायकी अक्षरात.

अर्शीनं कप खाली ठेवला. इथं कुणी काही लपवत नव्हतं. या घरातून एक माणूस गेला होता आणि घरानं त्याचं काम आपापसांत वाटून घेतलं होतं. म्हशीला वेळेवर वैरण मिळत होती. उसाला पाणी मिळत होतं. रडायला कुणाला कारणच उरलं नव्हतं.

ऑफिसात परत येऊन तिनं तपासणीची वही काढली. रोज संध्याकाळी ज्यानं त्यानं आपलं कपाट बघून सही करायची असा नेम होता. शेवटची खरी सही सापडली की तो कधी गेला हे कळणार होतं. तिनं पानं उलटली. तिसऱ्या कपाटाखाली रोज सही होती, कालपर्यंत, विश्वजितची.

मागं एका पानावर निळी शाई संपली होती, आणि तिथून पुढं सगळी हिरव्या शाईत.

ऑफिसात हिरवं पेन एकटी अर्शी वापरायची.

तिनं मोजलं. एकोणीस दिवस. एकोणीस दिवस ती त्या मोकळ्या खणांसमोर उभी राहून दुसऱ्याच्या नावानं सही करत आली होती, आणि तिला त्यातली एकही आठवत नव्हती.

त्या रात्री ती कुणाशी बोलली नाही. बोलणार काय? विश्वजित हरवलाय म्हणावं तर सगळे म्हणणार, हाय की. पण भीती आता विश्वजितपुरती नव्हती. शेजारी नऊ वर्षांची लेक शबनूर झोपली होती, तिचा पाय नेहमीसारखा आईच्या पोटावर. अर्शी त्या पायावर हात ठेवून पडून राहिली. आपण नसलो तर हिला तरी कळेल ना, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

इथं तिनं जे केलं ते तिच्या धंद्यातलं माणूसच करू जाणे. टोळी भरवशाची आहे का हे बघायला महिन्यातून एकदा एक धडधाकट गडी मुद्दाम बंद करायचा, कुणाला न सांगता, असा त्यांचा रिवाज होता. बाहेर कळलं नाही तर सगळं ठीक. अर्शीनं ठरवलं की उद्या आपणच बंद पडायचं. फक्त तिला उलटं उत्तर हवं होतं. कुणाला तरी कळायला हवं होतं. ही चूक होती, पण ते सांगायला तिच्याजवळ कुणी नव्हतं.

शुक्रवारी ती नेहमीच्या वेळी निघाली आणि शिरोलीला न जाता रंकाळ्यावर गेली. फोन चालू ठेवून बाकावर बसली. सहा वर्षांत एकदाही न सांगता दांडी मारलेली नव्हती. साडेनवाला साहेबांचा फोन येईलच.

साडेनऊ झाले. दहा झाले. पाण्यावर बदकं फिरत होती. पेन्शनर मंडळी फेऱ्या मारून घरी गेली.

अकराला ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा निरोप आला. "अर्शी, आज सकाळी चारी कपाटं वेळेत तपासल्याबद्दल आभार."

तिनं तो तीनदा वाचला.

दुपारी खिजरचा फोन आला नाही. रोज यायचा, जेवलीस का एवढंच विचारायला.

चारला तिनं गेटवरच्या जुन्या फोनचा नंबर लावला. त्यावर नंबर दिसत नाही. आवाज जाड करून तिनं विचारलं, "अर्शीताई हायत का?"

"हायत की," आण्णा म्हणाले. "आत्ताच आत गेल्या. कोण बोलतंय?"

तिनं फोन ठेवला आणि स्कूटीला किक मारली.

शबनूरला कळेल. साहेबांना नाही, आण्णांना नाही, खिजरलाही कदाचित नाही, पण शबनूरला कळेल. घराजवळच्या सदर बाजारच्या वळणापर्यंत ती हेच घोकत होती.

घराचं दार उघडंच होतं. कॉटवर खिजर बसल्या बसल्या धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता, डोळे अर्धवट मिटलेले. इतका दमलेला तिनं त्याला कधी पाहिला नव्हता. त्यानं मान वर केली नाही.

आतून शबनूरचा आवाज आला. घरात त्यांचं बोलणं नेहमी दखनीत.

"अब्बा, नमक कम हुआ क्या देखो."

अर्शीच्या छातीतला दगड उतरला. मराठी शबनूर बोलायची ती फक्त शाळेत आणि बाहेरच्यांशी. "शब्बो," तिनं हाक मारली.

शबनूर बाहेर आली. कोपरापर्यंत हात पिठानं माखलेले. बोटाला तव्याचा लाल चटका. तिनं दारातल्या बाईकडं शांतपणे बघितलं, ओढणी सारखी केली आणि सरळ मराठीत विचारलं, "कोण पायजे तुमास्नी?"

अर्शीनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

"अम्मी व्हय? आत हाय की. रोट्या करतीया."

दाराआडून स्वयंपाकघर दिसत होतं. गॅसची निळी ज्योत, वर तापलेला तवा, ओट्याला लावलेलं लहान पोराच्या उंचीचं स्टूल. बाकी कुणी नाही.

शबनूरनं त्या मोकळ्या खोलीकडं तोंड करून हाक मारली, "अम्मी, बाहर कोई आये!"

ती थांबली. कान देऊन ऐकलं. मग मान हलवली, पिठाच्या हातानं खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाली, "येतीया. बसा तुमी."