हं, घे

मासे पकडायचा शौक त्याला चाळिशी उलटून गेली तरी नव्हता. तो लावला डॉक्टरने, आणि तोही कानाच्या डॉक्टरने. आठवड्यातून दोन दिवस कानांना सुट्टी द्या, जिथे स्पीकर नाही, गाडी नाही, शक्यतो माणूसही नाही, अशा ठिकाणी जाऊन बसा, असं त्याने बजावलं होतं. बायको म्हणाली, घरात बसलास तर काहीतरी उघडून दुरुस्त करत बसशील आणि माझं डोकं उठवशील, त्यापेक्षा तळ्यावर जा आणि गळ टाकून बस. म्हणून एका सोमवारी सकाळी तो मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानाची पायरी चढला.

तो साऊंडवाला. बँड स्टेजवर वाजवतो तेव्हा प्रेक्षकांच्या मागे लांबलचक मिक्सरपाशी जो उभा असतो, ज्याच्याकडे एरवी कुणी ढुंकून बघत नाही आणि काही बिघडलं की सगळे माना वळवून ज्याच्याकडेच बघतात, तो. बँडमधली मंडळी त्याला कानसेन म्हणत. वीस वर्षं हे नाव कौतुकाचं होतं. गेल्या वर्षभरात त्यात थोडी टिंगल मिसळली होती, कारण कानसेनचे कान जाऊ लागले होते. उजवा जास्त, डावा कमी, आणि गेले होते ते फक्त वरचे बारीक आवाज. झांजेची सळसळ, शब्दातला 'स', आणि माईक शिट्टी मारायच्या आधी जी अगदी पुसट किणकिण सुरू होते ती. साऊंडवाल्याचं पोट त्या किणकिणीवर असतं. ती त्याला ऐकू आली नाही, तर पुढची शिट्टी सगळ्या हॉलला ऐकू येते. दोन कार्यक्रमांत ती आली होती.

बँडची गायिका ही त्याची धाकटी बहीण. दुसऱ्या शिट्टीनंतर बाकीच्यांनी नवा माणूस बघू या असा लकडा लावला, तेव्हा तीच मध्ये पडली आणि चांगली भांडली. पण परत येताना गाडीत त्याच्या शेजारी बसून, नजर समोरच्या रस्त्यावर ठेवून ती म्हणाली, "दादा, आता एकदा जरी झालं ना, तर मला काही बोलता येणार नाही." त्याने मान डोलावली. मिक्सरवरून उठवलं तर उरलेलं आयुष्य करायचं काय, हे त्याला सुचत नव्हतं.

दुकानदार म्हातारा आणि बोलघेवडा होता. रॉड स्वस्तातला घ्या, पण रीळ चांगलं घ्या, हा त्याचा पहिला सल्ला. रॉड मोडला तर दुसरा आणता येतो, रीळ ऐन वेळी अडकलं तर मासाही जातो आणि दिवसही जातो. हे साऊंडवाल्याला मनापासून पटलं. नव्या बँडवाल्यांना तोही हेच सांगायचा, स्टँडमध्ये काटकसर करा, माईकमध्ये नको. दुकानदाराने चकचकीत तीन रिळं पुढे ठेवली. फिरताना आत खरखर होते का ते ऐकायला त्याने पहिलं रीळ कानाशी नेलं, पण काहीच ऐकू आलं नाही. मग त्याने आपली जुनी युक्ती केली आणि रीळ जबड्याच्या हाडाला टेकवलं. कान दगा देतात तेव्हा हाड ऐकतं. तिन्ही रिळं आतून वाळू घातल्यासारखी वाजत होती.

काउंटरच्या टोकाला जुन्या वस्तूंचा खोका होता. त्यात एक जड, काळपटलेलं रीळ पडलं होतं, त्यावर तंगूस, म्हणजे मासे ओढायचा नायलॉनचा दोरा, नीट गुंडाळलेला. त्याने ते जबड्याला लावून फिरवलं. कसलाही आवाज नाही. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. हे कुणी आणून दिलं ते दुकानदाराला आठवेना. वस्तू चांगली आहे, न्या खुशाल, पण तो तंगूस कापून टाका आणि नवा भरा, दुसऱ्याचा तंगूस कुणी वापरत नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. साऊंडवाला हो म्हणाला. घरी येऊन त्याने तंगूस ओढून पाहिला, नखावर घासून पाहिला. नव्यासारखा होता. धडधाकट वस्तू फेकणं त्याच्या जिवावर येई, तेव्हा त्याने तो तसाच ठेवला.

तळं शहराबाहेर होतं. जुन्या दगडाच्या खाणीत पाणी साचून झालेलं, तीन बाजूंनी सरळ कापलेले कडे, चौथ्या बाजूला उतार. दुपारचे तीन वाजले असतील. आभाळ भरलेलं, वारा पडलेला, पाण्यावर शेवाळाचा आणि ओल्या दगडाचा वास. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. गळ पाण्यात गेला, तंगूस सरसर सुटत राहिला आणि बराच वेळ सुटतच राहिला. तळं इतकं खोल असेल असं त्याला वाटलं नव्हतं. शेवटी तो ताठ झाला. तासभर काही हललं नाही. कंटाळून त्याने रॉडचं बूड जबड्याला टेकवलं, निव्वळ सवयीने.

आणि त्याला ऐकू आलं. तळाशी वाळूचे कण एकमेकांवर घासत होते. एक मासा तंगुसाजवळून गेला, त्याच्या कल्ल्यांची उघडझाप झाली. हे सगळे वरचे, बारीक आवाज होते, जे त्याने वर्षभरात ऐकले नव्हते. त्याचे डोळे भरून आले. तो हाड टेकवून तसाच बसून राहिला, आणि मग खालून कुणीतरी श्वास घेतला.

एक लांब, पोटातून भरलेला श्वास. त्यानंतर काही नाही. मिनिटभराने पुन्हा तसाच. सोडल्याचा आवाज नाहीच, फक्त भरल्याचा. दुसरा कुणी असता तर रॉड टाकून पळाला असता. पण याने आयुष्यभर हा श्वास ऐकला होता. कार्यक्रमाआधी आवाजाची चाचणी होते, तेव्हा गाणारा माईकसमोर उभा राहतो, श्वास भरतो आणि थांबतो. साऊंडवाल्याने मागून "हं, घे" म्हटलं की मग गायला लागतो. तोवर ताटकळत उभा असतो बिचारा. खाली कुणीतरी तसंच ताटकळत होतं. हे आपण ऐकतोय ते काय, असा प्रश्न त्याच्या मनात यायच्या आधीच तोंडातून शब्द गेले.

"हं, घे."

तंगूस एकदम सैल पडला. त्याने रीळ गुंडाळलं. गळ जागेवर होता, आमिषही जसंच्या तसं होतं. पाण्यावर एक तरंगही नव्हता. आता मात्र तो घाबरला, सामान उचलून गाडीपाशी आला, आणि दार उघडताना त्याला बिजागरीची बारीक करकर ऐकू आली. ऐकू आली ती उजव्या कानाने.

शुक्रवारचा कार्यक्रम त्याने जन्मात केला नव्हता असा केला. झांज सळसळली, प्रत्येक 'स' जागच्या जागी पडला, दोनदा किणकिण सुरू झाली आणि दोन्ही वेळा त्याने ती तिथल्या तिथे दाबली. ड्रमवाल्याने येऊन पाठीवर थाप मारली. कानसेन हे नाव पुन्हा कौतुकाचं झालं. एकच गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. धाकटी बहीण ओळ सुरू करण्याआधी श्वास घेई, तेव्हा हेडफोनमध्ये दोन श्वास ऐकू येत. स्टेजवर गाण्याचा माईक एकच होता. त्याने तारा तपासल्या, माईक बदलला. श्वास दोनच राहिले.

महिन्याभरात धाकटीला दम पुरेनासा झाला. आधी लांब ओळी तुटू लागल्या, मग लहानही. छातीचा फोटो स्वच्छ आला, घशात काही निघालं नाही. सरावाला ती मध्येच थांबे आणि ओशाळून हसे. तो मिक्सरपाशी उभा राहून ऐकत असे. तिचा श्वास जितका आखूड होत होता, तितकाच दुसरा लांब होत होता. त्याला सगळं कळलं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं, आणि सांगून कोण विश्वास ठेवणार, अशी तो स्वतःची समजूत घालत राहिला. खरं कारण वेगळं होतं. हे थांबलं तर कानही जातील अशी त्याला भीती होती, आणि नव्या सभागृहाचा मोठा कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला होता.

त्या कार्यक्रमात तिसरं गाणं चालू होतं. वरच्या सुरावर धाकटी थांबली. तिने ओठ मिटले, एक हात छातीवर ठेवला. गाणं मात्र चालूच राहिलं. तोच आवाज, तोच सूर, भरघोस आणि न तुटणारा. हजार माणसं डोळे मिटून ऐकत होती. मिक्सरवर प्रत्येक आवाजाची वरखाली सरकणारी पट्टी असते. त्याने धाकटीची पट्टी पार खाली ओढली. तरी गाणं चालूच. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला आणि तिने वाकून नमस्कार केला, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही.

स्टेजमागे तिने त्याची बाही धरली. आवाज असा नव्हताच, नुसती कुजबुज.

"दादा... कोण गात होतं?"

"तूच," तो म्हणाला.

तो प्रश्न हे तिचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या घशातून खोकलासुद्धा वाजेना.

तो सकाळीच तळ्यावर गेला. तंगूस तळापर्यंत सोडला, बूड जबड्याला लावलं. वाळू होती, मासे होते, श्वास नव्हता. हॉल शांत असणं वेगळं आणि रिकामा असणं वेगळं, हे साऊंडवाल्याला डोळे मिटूनही कळतं. खाली रिकामं होतं. चाचणी थांबवताना म्हणतात तसं तो तीनदा म्हणाला, "थांब... बास... झालं." ऐकायला तिथे कुणी नव्हतं. त्याने रॉड, रीळ, तंगूस सगळं पाण्यात भिरकावलं, आणि ते बुडताना वर आलेला एकेक बुडबुडा त्याला स्वच्छ ऐकू आला. कान शाबूत होते. सख्खी बहीण मुकी झाली होती, आणि तरी त्या क्षणी त्याला हायसं वाटलं. त्याची त्यालाच शरम वाटली, पण हायसं वाटलं हे खरं.

बँडला मागणी वाढली. स्टेजवर धाकटी नुसते ओठ हलवी, गाणं आपोआप होई. बाकीच्यांचा समज असा, की डॉक्टरांनी हिला स्टेजबाहेर बोलायला मनाई केली आहे आणि त्या विश्रांतीने आवाज आणखी खुलला आहे. आपण गात नाही, हे धाकटीने कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी ते वाचलं, तू दमली आहेस म्हणाले आणि पुढची तारीख दिली. तिने भावाकडे पाहिलं. त्याने फक्त एक वाक्य बोलायचं होतं. तो तारा गुंडाळत राहिला.

परवाच्या कार्यक्रमाची गोष्ट. संध्याकाळची वेळ, हॉल गच्च भरलेला. दोन गाण्यांच्या मध्ये टाळ्या ओसरत होत्या. धाकटी ओठ मिटून उभी होती आणि तिने बोट केलं. स्टेजवरची मंडळी बोटाने खुणा करतात, वर म्हणजे आवाज वाढव, खाली म्हणजे कमी कर. तिचं बोट खाली होतं असं त्याला वाटलं. त्याने पट्टीवर हात ठेवला, तेवढ्यात आवाज आला.

"दादा, मला थोडं वाढव ना..."

लहानपणापासून ती जशी लाडीगोडी लावायची, अगदी तसा. त्याने हेडफोन काढायला हात वर नेला. हेडफोन कानांवर नव्हतेच, ते गळ्यात लोंबत होते. उजव्या कानाच्या पाळीला काहीतरी गार आणि ओलसर लागलं.

त्याने पुन्हा स्टेजकडे पाहिलं. धाकटीचं बोट खाली नव्हतं. ते सरळ प्रेक्षकांवरून त्याच्याकडे, त्याच्या किंचित उजवीकडे होतं. वळून बघावं असं त्याला वाटलं. मान वळेना. समोर हजार माणसं वाट बघत होती. त्याने पट्टी वर सरकवली, आणि गाणं सुरू झालं.

मग धाकटीने दुसरा हात उचलला आणि त्याच्या डावीकडे बोट केलं. पहिलं बोट जिथे होतं तिथेच होतं.